शंभर म्हणजे मामा

माझ्या मामांइतका ठणठणीत मनाचा माणूस अख्ख्या तंजावुरात दुसरा नव्हता, आणि हे मी भाची म्हणून सांगत नाही. हे स्वतः मामांनी कॉम्प्युटरवर मोजून सिद्ध केलं होतं. रोज सकाळी कॉफी झाली की ते पुन्हा नव्यानं सिद्ध होई. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मामांचं नाव येई, त्यापुढे शंभर हा आकडा उमटे, आणि मामा खुर्चीत मागे रेलून म्हणत, "सरी, ठीक! आता बाकीच्या जगाला बोलवा." बाकीचं जग म्हणजे आम्ही: राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली मराठी घरं, कोपऱ्यावरची फुलवाली आणि इस्पितळातून त्यांनी घरी बोलावलेली पडेल चेहऱ्याची माणसं. मामांना जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी धक्का बसतो, मग हसू येतं, आणि हसू ओसरायच्या आत पुन्हा धक्का बसतो. मामांच्या सहवासाचा क्रमही जवळजवळ असाच असे, म्हणून तो मी मोडत नाही.

नात्यानं ते माझ्या आईचे मावसभाऊ. आई त्यांना 'तंबी' म्हणे. तमिळातला हा धाकटा भाऊ आमच्या मराठी घरांत केव्हाच कायमचा राहायला आलेला आहे. ते आईला 'अक्का' म्हणत. सरकारी इस्पितळात मनाच्या आजारांचा जो विभाग होता, तिथे ते मानसशास्त्रज्ञ होते. डॉक्टर औषधं देत, मामा परीक्षा घेत. उदास माणूस नुसता रडत नाही, त्याचं लक्ष उडतं, आठवण अडखळते, हात मंदावतो. आणि घरचे लोक याला कधी आळस म्हणतात, कधी म्हातारचळ म्हणतात, हे मामा भेटेल त्याला सांगत. लग्नाच्या पंगतीत सांगत, बसच्या रांगेत सांगत, एकदा तर न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्याचा वस्तरा थांबवून सांगितलं. "दुःख किती, ते मज मोजता येणार नाही," ते म्हणत. "ते देवानं स्वतःकडे ठेवलंय. पण दुःखानं बोट किती अडतं, ते मज मोजता येतं की!" त्यासाठी जानव्याबरोबर त्यांच्या गळ्यात एक स्टॉपवॉच असे. पाहुणा दारात आला की 'या' म्हणायच्या आधी ते बटण दाबत, आणि त्यानं चपला काढून, घाम पुसून, पहिला नीट प्रश्न विचारला की पुन्हा दाबत. त्या दोन टिकटिकींच्या मधलं पाहुण्याचं मन त्यांना दिसे म्हणे. मामीला मात्र ही टिकटिक चालत नसे. कॉफीच्या वेळी ती ऐकू आली की ती डवऱ्यातली, पितळी वाटीतली कॉफी तशीच घेऊन आत जाई आणि आतून म्हणे, "घड्याळ उतरवा, मग प्या."

कॉम्प्युटर यायच्या आधी मामांची प्रयोगशाळा तिरुवैयारुला असे. कावेरीकाठी गाण्याची मैफल असली की ते पहिल्या बसनं जात, पण गायकाकडे पाठ करून बसत. आमच्याकडे गाणं ऐकणारा माणूस मांडीवर हातानं ताल धरतोच. कोणी बोटं मोजतो, कोणी तळवा पालथा-उताणा करतो. मामा ते सगळे हात बघत. एका व्हायोलिनवाल्यानं न राहवून त्यांना विचारलं, "सार, माझं वाजवणं इतकं वाईट आहे का?" मामा म्हणाले, "तुमचं मला ऐकू येतंय. यांचं मला बघायचंय." एकदा मी, त्यांची लाडकी 'कण्णा', सोबत होते. त्यांनी माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "तिसऱ्या रांगेतली निळ्या लुगड्याची बाई बघ, कण्णा. सगळ्यांचा हात मांडीवर पडून वर गेला, हिचा अजून वाटेतच आहे. हिच्या घरी काहीतरी मोठं झालंय." मैफल संपल्यावर त्यांनी खरोखरच त्या बाईला गाठलं. तिचा मुलगा वर्षापूर्वी कावेरीत बुडाला होता. मामांनी तिला इस्पितळात कोणत्या वारी यायचं ते सांगितलं आणि तिच्या यजमानांकडून तसं वचन घेतलं. परतीच्या बसमध्ये एकदम म्हणाले, "हात खोटं बोलत नाही. तोंडाला सवय असते."

पुढे देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रं सांगू लागली. आमच्या गल्लीपुरती ती दारं म्हणजे एक काचेचं एस.टी.डी. बूथ, छपराछपरांवरून गेलेल्या केबलच्या तारा आणि जिन्याखालच्या प्रत्येक खोलीत निघालेला कॉम्प्युटर क्लास. अशा एका क्लासात मामांनी, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना, परकरी मुलींच्या मध्ये बसून प्रोग्रॅम लिहायची विद्या घेतली. एसीची थंडी वाजते म्हणून ते काश्मिरी शाल पांघरून बसत. शिकवणारी मुलगी त्यांना "अंकल, चप्पल बाहेर" म्हणून दम देई आणि मामा तिला "येस मिस" म्हणत. शेवटच्या परीक्षेत ते पहिले आले. इस्पितळात सत्कार झाला तेव्हा जेवढे फुलले नव्हते, तेवढे त्या दिवशी फुलले. मग तिरुच्चीहून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला. भाड्याच्या अँबॅसडरमध्ये, मागच्या सीटवर, खाली गादी आणि दोन्ही बाजूंना उशा लावून. स्वतः पुढे मान वळवून बसले होते. मामीनं उंबऱ्यावर कुंकवाच्या पाण्याची आरती ओवाळली आणि शेजारणीला सांगितलं, "बाळंतीण घरी आणावी तसा आणलाय. आता रात्री उठून पाजायचंही हेच बघतील."

त्या यंत्रासाठी मामांनी जी परीक्षा रचली ती आजही माझ्या बोटांत आहे. पडद्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकात एक तारा उमटे. तो दिसला की कीबोर्डवरची लांब पट्टी दाबायची. असे पुष्कळ तारे. मग आकड्यांची एक ओळ येई आणि पुसली जाई. ती आठवून पुन्हा टाइप करायची. ज्यांना कीबोर्डची भीती वाटे त्यांनी तोंडानं सांगावं, मामा टाइप करत. शब्द मुद्दामच कुठे नव्हते. आमच्या लोकांना देवनागरी वाचता येत नाही, पेशंट तमिळ, आणि त्या यंत्राला इंग्रजीखेरीज काही येत नसे. मामा म्हणत, "तारा सगळ्यांच्या भाषेत तारा." आता हा तारा बघायला निरोगी माणसाला किती वेळ लागावा, ते ठरवायला हवं होतं. परदेशी पुस्तकांत आकडे होते, पण मामांना ते पटेनात. "ती माणसं काट्याचमच्यानं जेवतात," ते म्हणाले, "त्यांच्या बोटांचा वेग आपल्यास कशास?" शिवाय आमच्याकडची वीज रोज वेगळ्या तब्येतीची, व्होल्टेज उतरलं की यंत्रही सुस्तावतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून माप रोज नवं हवं, आणि ते एका खात्रीच्या निरोगी माणसावरून घ्यायला हवं. असा माणूस त्यांना फार शोधावा लागला नाही. रोज सकाळी मामा स्वतः परीक्षा देत, यंत्र त्यांच्या वेगाला शंभर धरी, आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला त्या शंभरातले काही मिळत. मामी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे जगात शहाणे तुम्ही एकटे." मामा म्हणाले, "एकटा नव्हे. हाताशी असलेला एकटा."

मामीची परीक्षा मात्र त्यांना कधीच घेता आली नाही. ती तारा यायच्या आधीच पट्टी दाबे, आणि बहुतेक वेळा नेमक्या त्याच क्षणी तारा येई. "तू बघत नाहीस, तू अंदाज करतेस!" मामा चिडून म्हणत. "तुमच्या घरात अंदाज न करता इतकी वर्षं निघाली असती का?" ती म्हणे आणि ओला हात पदराला पुसत आत जाई.

एका वर्षी सरस्वतीपूजेनंतर मामा घाबऱ्याघुबऱ्या आमच्या घरी आले. "अक्का, गावावर काहीतरी साथ आली आहे," ते आईला म्हणाले. "ज्याला बघावं त्यास डाव्या बाजूचा वरचा तारा दिसत नाही! मेंदूचा उजवा भाग..." त्या दिवसांत माझे वडील होते, आई तिच्या जुन्या रंगात होती. ती काही न बोलता त्यांच्याबरोबर चालू लागली. मीही मागे गेले. आईनं पडद्याकडे पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला गंधाचा आणि त्यावरचा कुंकवाचा ठिपका पुसून काढला. पूजेच्या दिवशी आमच्याकडे शिवणयंत्रापासून सायकलपर्यंत सगळ्यांना गंध लागतं. मामीनं कॉम्प्युटरलाही लावलं होतं. मामांना स्वतःला तो तारा दिसत होता, कारण तो तिथे येणार हे त्यांना ठाऊकच होतं. ते क्षणभर खजील झाले आणि मग इतके हसले की स्टॉपवॉच पोटावर उडू लागलं. त्यानंतर कोणाचेही मार्क कमी आले की ते आधी उठून काच पुसत. "माणसाला नाव ठेवायच्या आधी," ते म्हणत, "काच पुसून घ्यावी."

मग माझे वडील गेले, आणि आई मिटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. पल्लांगुळी म्हणून आमच्याकडे बायका एक खेळ खेळतात, लाकडी पाटावरच्या खळग्यांत चिंचोके पेरत जायचा. समोरच्याच्या कोणत्या खळग्यात काय आहे ते सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आई त्यात हरलेली कोणी पाहिली नव्हती. आता तिच्यापुढे पाट मांडला तर ती मूठभर चिंचोके हातात घेऊन बसून राही आणि पाळी कोणाची ते विसरे. दूध उतू जाई आणि ती त्याकडे बघत असे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी घाईत तपासून 'वयाचा विसर' असं सांगितलं. हा वाढतच जाईल, म्हणाले, आता सांभाळायचं एवढंच. मी मान डोलावली. मामा मात्र ते ऐकून लाल झाले. त्यांनी आईला रिक्षात घालून घरी नेलं आणि यंत्रासमोर बसवलं. तारा उमटे आणि आईचं बोट कुठून तरी लांबून आल्यासारखं येई. आकड्यांची ओळ पुसली गेली की ती म्हणे, "नाही येत." शंभरात चाळीसही पडले नाहीत. मला रडू कोसळलं. मामा उठले, काच पुसली, पुन्हा परीक्षा घेतली, तितकेच पडले. आणि तरी ते हात चोळत खुशीत म्हणाले, "ऐकलंस ना? नाही येत म्हणाली! जिचं मन झिजलंय ती चुकीचे आकडे हसत सांगते, आणि वर आपलंच बरोबर म्हणून भांडते. ही भांडत नाही. 'नाही येत' म्हणणारा माणूस घरातच असतो, कण्णा. फक्त दार उघडत नाही." डॉक्टरांशी त्यांनी असा वाद घातला की डॉक्टरांनी आईला उदासीनतेची औषधं सुरू केली. मामा दर आठवड्याला तिला यंत्रासमोर बसवणार आणि आकडा डॉक्टरांना सांगणार, असं ठरलं. आकडा शंभराजवळ गेला की दार उघडलं असं समजायचं, आणि औषध थांबवायचं.

आकडा हळूहळू चढत होता, आणि मध्येच मामी गेली. साधा ताप म्हणून झोपली आणि आठवड्यात गेली. आम्हांला कोणालाच ते खरं वाटेना. सगळ्यांत कमी धक्का मामांना बसलेला दिसला. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते यंत्रासमोर होते. पूर्वीपेक्षा जास्त बोलत, जास्त हसत, आल्या-गेल्याला स्वतः कॉफी करून देत. ती कॉफी भयंकर असे आणि ते तिलाही हसत. "काय धीराचा माणूस!" गल्ली म्हणे. आणि याच सुमारास गावात मोठा चमत्कार सुरू झाला. सगळे लोक हुशार होऊ लागले. ज्यांना पन्नास-साठ पडत त्यांना नव्वद पडू लागले. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कार्यालयातला कारकून उदासीनतेमुळे महिनोन् महिने रजेवर होता. त्याला शंभराच्या वर पडले आणि तो कामावर रुजू झाला. फुलवालीला तर एकशे तीस पडले. तिनं ती गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला गजऱ्याबरोबर सांगितली. मामा आनंदानं वेडे झाले होते. "देश मोकळा झाला, मनंही मोकळी झाली," असं त्यांनी त्यावर शास्त्र बसवलं. आणि एके दिवशी आईलाही शंभर पडले. मी देवळात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून औषध बंद.

त्या आनंदात मामांनी आईला तिरुवैयारुला गाण्याला नेलं. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच गावाबाहेर पडत होती. मीही होते. त्या दिवशी मामा गायकाकडे तोंड करून बसले, आमच्याच रांगेत. गाणं रंगलं. मला आईकडे बघायचं होतं, ती ताल धरते का ते. तिनं धरला होता, अलगद, पण बरोबर. मी तिच्या हाताकडे बघत होते आणि ती दुसरीकडे कुठेतरी बघत होती. परतीच्या बसमध्ये मामांना खिडकीशी डुलकी लागली. आई माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "तंबीचा हात पाहिलास?"

"काय झालं हाताला?"

"सगळ्यांचा पडून वर गेला, त्याचा वाटेतच होता. एकदा नव्हे. पूर्ण वेळ."

मी म्हटलं, दमले असतील. आई म्हणाली, "तूच जाऊन बघ. उद्या सकाळी, तो परीक्षा देतो तेव्हा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मामांनी मला कॉफी दिली, फुलवालीच्या एकशे तीसचा किस्सा पुन्हा सांगितला आणि सांगता सांगताच परीक्षा सुरू केली. तारा उमटला. मामा बोलत होते. तारा तिथेच होता. मामा त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांचं बोट पट्टीपासून दोन अंगुळं वर, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं थांबलेलं होतं. मग ते पडलं. दुसरा तारा, तसंच. मी कॉफीचा पेला खाली ठेवला. आकड्यांची ओळ आली, पुसली गेली. मामांचं बोलणं थांबलं. ते रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू, माझ्यासाठी नव्हे, कुणासाठीच नव्हे, म्हणाले, "नाही येत."

पडद्यावर मामांचं नाव आलं आणि पुढे लखलखीत हिरवा आकडा उमटला. शंभर. "सरी!" मामा रेलून म्हणाले, "आता बाकीच्या जगाला बोलवा."

गाव हुशार झालं नव्हतं. आम्ही सगळे जिथे होतो तिथेच होतो. ज्या पट्टीनं आम्हांला मोजलं जात होतं ती पट्टीच रोज थोडी आखूड होत होती. आईचे शंभर म्हणजे खरे किती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तिचं औषध चार दिवसांत बंद होणार होतं. आणि हा माणूस, जो दुसऱ्याचं दुःख तिसऱ्या रांगेतून ओळखी, तो महिनोन् महिने रोज सकाळी स्वतःला निरोगी ठरवून उठत होता.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल." मामा यंत्रासमोरच होते.

"तंबी, ऊठ तेथून," आई म्हणाली. "पेशंटच्या खुर्चीत बस."

"का गं अक्का? तुझा वार तर..."

"माझा वार नव्हे. तुझा."

मामा हसले. "मज शंभर आहेत, अक्का. हे बघ की."

"ते तू तुझ्याशीच मोजलेस. स्वतःच्या खांद्यास खांदा लावून कोणी उंची सांगतो का?"

"आज व्होल्टेज जरा..."

"व्होल्टेज नव्हे. काच पुसलेली आहे, तंबी."

मामांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यामागून माणूस उठून गेला. ते खरोखरच उठले आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "किती?" सवयीनं त्यांना आधी आकडा हवा होता.

"ते मज कोठून ठाऊक? ताल सुटतोय, एवढं ठाऊक."

"अक्का, मज विसर पडतोय का? खरा? झिजणारा?" मामांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तो प्रश्न त्यांनी इतक्या घरांतून ऐकला होता.

आई त्यांच्यासमोर बसली. "सकाळी ती आकड्यांची ओळ आली, तेव्हा काय म्हणालास?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "नाही येत म्हणालो."

"मग? 'नाही येत' म्हणणारा माणूस कोठे असतो?"

बाहेर फुलवाली कुणाशी तरी घासाघीस करत होती. मामा म्हणाले, "घरातच असतो."

"मग दार उघड की रे," आई म्हणाली.

आणि मामा रडले. तेराव्यालाही न रडलेले मामा, गळ्यातलं स्टॉपवॉच मुठीत आवळून. मध्येच म्हणाले, "ती आधीच दाबायची गं. आता तारा येतो, आणि मी वाट बघतो, की ती दाबेल."

त्यानंतर मामांनी जे केलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. ते स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की मामी गेल्यापासूनचा प्रत्येक आकडा खोटा आहे. आईचं औषध चालू राहिलं, आणि त्याच दिवशी मामांचंही सुरू झालं. मग ज्यांना ज्यांना त्यांनी 'तुम्ही बरे झालात' म्हटलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात ते गेले. ओरत्तनाडूच्या त्या कारकुनाकडे बसनं गेले. तो कामावर तर होता, पण एकच कागद पुढे घेऊन दिवस दिवस बसत होता आणि साहेबांच्या शिव्या खात होता. मामांनी साहेबांसमोर सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि त्याला हाताला धरून परत इस्पितळात आणलं. सगळ्यांनी समजून घेतलं, एका फुलवालीखेरीज. "एकदा दिलेला आकडा परत घेता काय, सामी?" ती कडाडली. "मी नाही देत जा!" तिचे एकशे तीस शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिले.

मामा सावरले. सावकाश सावरले, आईसारखेच, आणि कधी पुन्हा थोडे मागे जात. कॉफी काही सुधारली नाही. यंत्रात मात्र त्यांनी एक बदल केला. यापुढे शंभर एका माणसाचे नाहीत. रोज सकाळी आधी मामांनी परीक्षा द्यायची, त्यांच्यानंतर आईनं, आणि एकमेकांच्या बोटांकडे एकमेकांनी बघायचं. मग दोघांचं मिळून दिवसाचं माप. त्यामुळे आई रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. मी कॉलेजात शिकवायला निघे तेव्हा त्या घरातून आवाज येत असत. "उशीर केलास, तंबी!" "तूच अंदाज केलास, अक्का!" कधी यंत्राचा पंखा घरघरत असे आणि ही दोघं पल्लांगुळीचा पाट मांडून भांडत असत. तिरुवैयारुला जाणं पुन्हा सुरू झालं. मामा पुन्हा गायकाकडे पाठ करून बसू लागले, तेव्हा मी ओळखलं की ते आता बरे आहेत.

आणि मग एका सकाळी, काही न होता, कॉफीचं दूध तापत असताना, ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या यंत्रानं कधी न मोजलेली एकच गोष्ट. आई पोचली तेव्हा दूध उतू गेलेलं होतं. तिनं आधी गॅस बंद केला, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगते.

आई अजूनही रोज सकाळी तिकडे जाते. घर झाडते, दिवा लावते. काल मीही गेले होते. तिनं यंत्र चालू केलं, ते बराच वेळ घरघरलं, आणि मग डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात पहिला तारा आला. पहिली पाळी मामांची. ती झाल्याशिवाय ते यंत्र पुढे जात नाही. मामांनी तसंच लिहून ठेवलं आहे. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

"दाब की," मी म्हटलं. "पुढचा तुझा येईल."

"हा माझा नव्हे," आई म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि वाकून काचेचा तो कोपरा पुसला. तारा तिथेच होता.